टायवाली पोरं कुणाची, हौसामावशी?

हौसामावशी, निकाल लागला! पण तो मी तुला एवढ्यात सांगणार नाही. अकरा वर्षांत तू मला एक गोष्ट तरी सरळ सांगितलीस का? डाळ संपली एवढं सांगायचं, तरी तू ओढ्यावर कोण कुणाशी काय बोललं तिथून सुरुवात करायचीस. आता माझी पाळी. गप बसून ऐक. मधे तोंड घालता येत नाही म्हणून तुझी काय तडफड होत असेल ते मला दिसतंय, आणि खरं सांगू, मला त्याची थोडी गंमतही वाटतेय.

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी सुपरवायझर मॅडमचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीतच होते. फोन ठेवला आणि सवयीनं चुलीकडं वळून ओरडले, "मावशी, ऐकलं का!" चुलीपाशी कुणी नव्हतं. मग मी तिथंच पाटावर बसून रडले. पदर ओला होईस्तोवर रडले. पोरं भोवती गोळा झाली आणि त्यातल्या एकानं मला आपला अर्धा खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू देऊ केला. मी तो खाल्ला.

अठ्ठ्याण्णव साली मी सेविका म्हणून लागले आणि तू मदतनीस. नांद्याची आपली वाडी तेव्हा केवढीशी! मारुतीचं देऊळ, त्याच्या दोन बाजूंना घरं, आणि मागं डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वस्ती. देवळाच्या पडवीत अंगणवाडी भरायची. भरायची कसली! पहिल्या दिवशी मी सतरंजी अंथरली, फळ्यावर हसरा सूर्य काढला आणि बसले वाट बघत. एक पोर येईल तर शपथ. मी पौडकडची लेक, दहावी पास, इथली नवी सून. मला वाटायचं, सरकारनं अंगणवाडी काढली म्हणजे पोरं आपली आपण येतात. तू खांबाला टेकून मिश्री लावत बसली होतीस. म्हणालीस, "बाई, अशी वाटंकडं डोळं लावून पोरं येत न्हाईत. आनावी लागत्यात." ओचा खोचलास आणि निघालीस.

आणि मग ती हाक! "चला रं चला, खाऊ शिजला!" देवळापासून ओढ्याच्या पार पलीकडं ऐकू गेली असेल. थोड्या वेळानं तू परत, कडेवर एक, बोटाला दोन, मागं सगळी शेंबडी पलटण. एकाच्या हातात भाकरीचा तुकडा, एकीची एकच वेणी घातलेली, दुसरी सुटलेली. मी हरखून गेले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की चुलीत अजून काडीसुद्धा ओढलेली नाही.

तेव्हा मी तुला अहोजाहो करायचे. म्हटलं, "मावशी, लहान पोरांशी खोटं का बोललात? खाऊ कुठं शिजलाय?"

"मग वढा की काडी! पोरं बूड टेकस्तवर शिजतंय."

हे आपलं पहिलं भांडण. मी म्हणायचे, खोटं ते खोटं. तू म्हणायचीस, पोरं आली का न्हाई ते बोला. अकरा वर्षं आपण हेच भांडत होतो, फक्त विषय बदलायचे.

वजनाच्या दिवशी तर तू कहर करायचीस. पोराला झोळीत घालून काट्याला लटकवायच्या आधी त्याला तांब्याभर पाणी पाजायचीस. का, तर वजन कमी भरलं की मी त्याच्या आईला बोलणार आणि तिचं तोंड उतरणार. मी ओरडले की म्हणायचीस, "पान्याला काय वजन नसतंय व्हय?" एकदा तर एका पोराच्या चड्डीच्या खिशात मला दोन कांदे सापडले. अगं, कांदे! मी हसू का कपाळाला हात लावू? दोन्ही केलं. पण त्या दिवसापासून त्या पोराला तू रोज लापशीचा दुसरा वाडगा देत होतीस, तेही मी बघत होते. पुढं त्याला कांदे लागले नाहीत.

आणि पौडचा बालमेळावा आठवतो का? सगळ्या अंगणवाड्यांची पोरं भाज्या होऊन आली होती. आपला टोमॅटो स्टेजवर गेला, समोरची माणसं बघितली आणि त्यानं असा काही भोंगा पसरला की माईक बंद करावा लागला. तू कुणाला न विचारता स्टेजवर चढलीस, त्याला कडेवर घेतलंस आणि माईकमधे म्हणालीस, "म्या टोमॅटूची आय. आमी दोगं बी आज बाजारात आलोय." टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला! नंबर मिळाला नाही ते सोड. परीक्षक बाईंना भाज्यांचं महत्त्व हवं होतं, तू भावच सांगायला लागलीस.

ते दिवस बरे होते गं. मग हिंजवडीला कंपन्या आल्या. शेजारच्या माण गावच्या लोकांनी आधी जमिनी दिल्या, मग खोल्या बांधून भाड्यानं लावल्या, आणि बघता बघता ते वारं आपल्या वाडीला लागलं. जिथं भात लावायचो तिथं बिल्डिंग. कुठून कुठून लातूरची, नांदेडची, जळगावची माणसं राहायला आली. आपल्या बायका कंपन्यांच्या कँटीनला, साफसफाईला जायला लागल्या. आपल्यालाही देवळाची पडवी सुटून समाजमंदिराची पक्की खोली मिळाली, पंखा मिळाला. तू पंख्याखाली उभी राहून म्हणालीस, "आता काय, आपन बी कंपनीच." किती खूश होतीस!

आणि त्याच वर्षी रस्त्याकडेच्या नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर इंग्लिश मीडियमची नर्सरी उघडली. भिंतीवर ससा, हत्ती, फुगे. पोरांना बूट, मोजे आणि टाय! ज्या पोराला अजून चड्डीची नाडी सोडता येत नाही त्याच्या गळ्यात टाय! मी आठवडाभर नुसती धुसफुसत होते. आपली सतरंजी रिकामी व्हायला लागली. मी एकेका आईला गाठून विचारलं, तर उत्तर तेच: "बाई, तुमच्याकडं नुसतं खायाला घालत्यात. तितं एबीशीडी लिवायला लावत्यात." मी सांगून दमले की तीन वर्षांच्या पोरानं लिहायचं नसतं, मणी ओवायचे असतात, चिंचोके मोजायचे असतात, गोष्ट ऐकायची असते. पण चिंचोक्यांना कोण विचारतो? टाय दिसतो, चिंचोके दिसत नाहीत.

आणि कळस म्हणजे तुझा ओम! मदतनीसबाईंचा सख्खा नातू, आणि तोच टाय लावून नर्सरीत! तुझ्या सुनेनं, रेखानं, तुला न विचारता त्याचं नाव घातलं. त्या दिवशी मी तुला काय काय बोलले! घरचं पोर राखता येईना आणि निघाली वाडीची पोरं गोळा करायला, असं म्हणाले मी. तू पातेलं घासत होतीस. नुसतं म्हणालीस, "सून हाय ती, मेंढरू न्हाई. वळलं म्हंजी वळतंय असं न्हाई." दुपारपर्यंत आपण बोललो नाही. मग तूच चहा टाकलास.

त्यातच ऑफिसातून सांगणं आलं. पट असाच राहिला तर आपली अंगणवाडी बंद करून मोठ्या गावातल्या अंगणवाडीला जोडणार. मोठं गाव म्हणजे रस्त्याच्या पलीकडं, आणि त्या रस्त्यावर दिवसभर खडी-वाळूचे डंपर. टायवाल्यांचं काय, त्यांची नर्सरी वाडीतच. पण कातकरी वस्तीवरची बायडी, तिची भावंडं, त्यांना तो रस्ता कोण ओलांडून देणार? त्यांचे आईबाप उजाडताच कामाला गेलेले. म्हणजे त्या पोरांची शाळाही गेली आणि दुपारचं जेवणही गेलं. मी घरी जाऊन जेवले नाही. तू मात्र म्हणालीस, "बगू की. पोरं काय कुटं पळून गेली न्हाईत. हितंच हायेत, वाडीतच."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तू खिचडी उतरवलीस आणि गायब झालीस. मला वाटलं, गेली तंबाखूला. जरा वेळानं बघते तर काय, दारातून टायवाल्यांची रांग! एकमेकांचे शर्ट धरलेले, पाठीवर दप्तरं, आणि पुढं तू! नर्सरी सुटायच्या वेळेला तू फाटकावर जाऊन उभी राहिलीस आणि ज्यांच्या आया कामाला गेल्यात ती सगळी पोरं उचलून आणलीस. "घरी जाऊन कुलपाशी खेळनार हुती," म्हणालीस. "टाय सोडा रं. हात धुवा. बसा." अन् ती बसली की गं! बूट काढून, मांडी घालून, बायडीच्या पंगतीला! एका पोरानं खिचडी खाल्ली आणि मी चिंचोके पुढं टाकले तर त्यानं इंग्रजीत मोजले. बायडीनं मराठीत मोजले. दोघांचे सारखेच भरले. मला हसू यायला लागलं, पण मी ते तुला दाखवलं नाही.

आणि पाठोपाठ नर्सरीची मिस! पल्लवी नाव, लातूरकडची, नवरा कंपनीत, कडेवर स्वतःची लेक. दारातूनच सुरू झाली, "काय करायलात तुम्ही? आमचे लेकरं कुणाला विचारून आणलेत?" मी तयारच होते. म्हटलं, तुमची कशी, जन्मली आमच्या वाडीत, डोस आम्ही पाजले! ती म्हणाली, फी आम्ही घेतो! मी म्हणाले, म्हणून तर ओरडताय! आमची अशी जुंपली की पोरं घास हातात धरून बघत राहिली. तू मधे पडली नाहीस. तिची लेक कडेवरून उतरवून घेतलीस, तिच्या हातात वाटी दिलीस आणि मिसला म्हणालीस, "तुमी जेवला का?" ती तिथंच पाटावर टेकली. मग सांगायला लागली की इथं आल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. डोळे पुसत खिचडी खाल्ली तिनं. आणि दुसऱ्या दिवसापासून नर्सरी सुटली की मिस स्वतःच पोरांची रांग घेऊन यायला लागली. मी म्हटलं, ही आता आपली धर्मशाळा करणार. पण तिची लेक आपल्याकडं बोलायला शिकली, आणि पहिला शब्द काय बोलली, तर "चल रं"!

इथून आपलं मोठं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. टायवाली पोरं कुणाची? तू म्हणायचीस, हितं बसली, हितं जेवली, म्हंजी आपली. मॅडमना दाखवायची. मी म्हणायचे, मुळीच नाही. ती साडेअकरानंतर येतात, फी देऊन दुसरीकडं शिकतात. त्यांना आपल्या पटावर दाखवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. "कुटं फसवनूक? पोरं खोटी हायेत का, चिमटा काडून बगा." असं काय काय बोलायचीस! मी संतापले की तू मुद्दाम जास्त बोलायचीस. तुला माझा संताप बघायला आवडायचा, मला ठाऊक आहे.

आणि मग आला तो दिवस! मॅडम न सांगता आल्या, तेही सकाळी दहाला. सतरंजीवर वस्तीवरची पोरं आणि दोन-तीन आपली. मॅडमचा चेहरा पडला. मी सरळ उभी राहिले, म्हटलं, जे आहे ते आहे. आणि खिडकीतून बघते तर तू रस्त्यानं पळतेयस! या वयात, ओचा खोचून, चपला हातात! मला काही कळायच्या आत तू परत आलीस, आणि मागं अख्खी नर्सरी! भर तासातून उठवून आणलीस गं तू! पोरांच्या हातात पेन्सिली तशाच, मिस मागून धावतेय, तिच्या हातात खडू. सगळी लाईन दारातून आत शिरली आणि तू मॅडमपुढं छाती फुगवून उभी. म्हणालीस, "ही बी आमचीच. जरा फिराया गेली हुती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मॅडमनी मग पुढच्याच पोराला जवळ घेतलं. तो कोण असावा? तुझा ओम! "बाळा, तुझी शाळा कुठली?"

ओमनं तुझ्याकडं बघितलं, मिसकडं बघितलं आणि विचारलं, "सकाळची सांगू का खाऊची?"

मॅडम अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसले. मिस हसली. तूच एक तोंड पाडून उभी होतीस. "घात केला मुडद्यानं," एवढंच पुटपुटलीस. मग मी सगळं खरं खरं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, दुपारपर्यंत थांबल्या, पंगतीत बसून खिचडी खाल्ली. जाताना म्हणाल्या, "सुनंदाबाई, दुपारची मुलं मी मोजू शकत नाही. मी पुन्हा येईन, अशीच, न सांगता, सकाळी. सकाळी सतरंजीवर जी दिसतील तीच धरणार. त्यावर ठरेल." जीप गेल्यावर तू मला म्हणालीस, "तुमी गप बसला असता तर आजच मिटलं असतं." मी म्हणाले, "तू गप बसली असतीस तर बरं झालं असतं." त्याच दिवशी मी तुला पहिल्यांदा अगंतुगं केलं. तुझ्या ध्यानात आलं होतं का? मला वाटतं आलं होतं, कारण तू लगेच हसलीस.

मग तू आयांच्या मागं लागलीस. पोरगं सकाळपासून अंगणवाडीत पाठव, म्हणून एकेकीला गाठायचीस, पिठाच्या गिरणीत, नळावर, कंपनीच्या गाडीच्या थांब्यावर. बायका म्हणायच्या, "मावशी, आदी तुमच्या घरचं बगा." बरोबरच होतं त्यांचं. तू घरी जाऊन रेखाशी बोललीस आणि त्या दिवशी रेखा तुला जे बोलली ते तू मला सांगितलं नाहीस, शेजारणीकडून कळलं मला. "माझ्या पोराला तुमच्यासारखी खरकटी भांडी घासायला न्हाई ठेवायचं मला." त्यानंतर तुम्ही एका घरात राहून बोलत नव्हता. तू अंगणवाडीत दुप्पट बडबड करायचीस, आता कळतंय का ते. मला रेखाचा इतका राग आला होता! पण मावशी, तिची बाजूही मला दिसत होती. पोरगं शिकावं म्हणून जीव टाकणाऱ्या आईला कोण काय बोलणार? तुलाही दिसत होती. नाहीतर तू तिला उलट बोलल्याशिवाय राहिली असतीस का? तू तर कुणाचं उधार ठेवत नव्हतीस.

तो गुरुवार. तू भांडी घासलीस, पालथी घातलीस, म्हणालीस, "बाई, जरा पाठ टेकते घरी जाऊन." मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. चहाला उठवायला रेखा गेली आणि तिची किंकाळी वाडीभर गेली. एवढंच. तुझ्या बाबतीत एवढं थोडक्यात काही संपेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी मी अंगणवाडी उघडली आणि स्वतः पोरं आणायला निघाले. मला ते जमतच नाही गं! मी "चला" म्हटलं की पोरं नुसती बघतात. वस्तीवर गेले तर बायडी दगडावर बसून म्हणाली, "तुमी न्हाई. मावशी." आणि हललीच नाही. पोरांना कसं सांगायचं, हे आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलंय? मी काहीच सांगितलं नाही. तशीच परत आले. त्या दिवशी सतरंजीवर दोनच पोरं. मनात म्हटलं, आता मॅडम आल्या की संपलं. तू गेलीस आणि तुझ्यामागं अंगणवाडीही चालली.

रविवारी तुझं सावडणं झालं. सोमवारी मी फळा पुसत होते आणि बाहेरून हाक आली. "चला रं चला..."

माझ्या हातातून फडकं पडलं. आवाज तुझा नव्हता. बारीक होता, थरथरत होता, मधेच तुटत होता. मी धावत दारात गेले. रस्त्याच्या मधोमध रेखा उभी! डोक्यावर पदर, रडून सुजलेले डोळे, एका हाताला ओम, गळ्यात टाय नाही. सुतक चालू, कुणाच्या उंबऱ्याला शिवायचं नाही, म्हणून रस्त्यावर उभी राहून एकेका घराकडं तोंड करून हाका मारत होती. पोर दारात आलं की हात न लावता नुसती पुढं चालायची, आणि पोरं तिच्या मागं.

कोपऱ्यावरच्या घरातले म्हातारे बाबा ओट्यावरून ओरडलेच, "अगं ए, सुतकात हाईस नव्हं? घराबाहेर पडाया लाज न्हाई वाटत?"

रेखा थांबली. मला वाटलं आता रडत घरी जाणार. ती म्हणाली, "बाबा, म्या तुमच्या घरात न्हाई आले. रस्त्यावर हाय. रस्त्याला कुटं सुतक असतंय?"

मावशी! तुझी सून गं ती! तुझी म्हणजे तुझीच! मी दारात उभी राहून टाळ्या वाजवायची तेवढी राहिले. बाबा उठून आत गेले. आणि मग घराघरांतून बायकांनी आपण होऊन पोरं बाहेर काढली. ज्यांनी तुला सांगितलं होतं ना, आदी घरचं बगा, त्यांनीच. नर्सरीच्या वाटेवरून दोघींनी आपली पोरं परत वळवली, टायसकट! रेखा पार वस्तीपर्यंत गेली, आणि बायडी दगडावरून उठली. समाजमंदिराच्या पायरीशी रेखा थांबली. म्हणाली, "बाई, म्या आत येत न्हाई. ह्याला घ्या. सकाळपास्नं घ्या." मी म्हटलं, सरकारच्या खोलीला कसलं आलंय सुतक, ये आत. ती म्हणाली, "अजून पलीकडची आळी ऱ्हायलीया." आणि गेली. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

रोज आली. अजून येते. जूनमधे ओमला परत नर्सरीत घालणार असं म्हणते. मी म्हटलं, बघू. पल्लवी मिस म्हणते, घाला, पण खाऊच्या शाळेत आधी. आमचं हे भांडण आता तिघींचं झालंय.

आता निकाल. मॅडम नेमक्या त्याच सोमवारी आल्या, सकाळी. मोजलं, बसल्या, निकालाचं काही न सांगता गेल्या. आणि आज फोन आला. राहिली! मावशी, आपली अंगणवाडी राहिली! जोडणार नाहीत, बंद करणार नाहीत, बायडीला रस्ता ओलांडायचा नाही! आणि ऐक, दुपारच्या टायवाल्यांना धरलेलंच नाही. जी सकाळी सतरंजीवर होती ती पुरली. म्हणजे भांडण मी जिंकले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्याशी चक्क जिंकले, आणि तोंडावर बोट ठेवून बसलीयस तू. हा कुठला न्याय? आता मी कुणापुढं मिरवू?

एक मात्र तुला सांगायलाच हवं, नाहीतर पचणार नाही. त्या सोमवारी मॅडमना तू गेल्याचं ठाऊक नव्हतं. जीपमधे बसताना मी सांगितलं तेव्हा त्या किती वेळ दार धरून उभ्या होत्या. पण आधी, आत, पोरं मोजून झाल्यावर त्यांनी चुलीकडं बघितलं आणि हसून विचारलं, "तुमच्या हौसाबाई कुठं आहेत? आज परत पळाल्या की काय?"

मी सांगणार तेवढ्यात बायडीनं चिंचोक्यांवरून मान वर केली आणि तू असताना रोज सांगायची तसं सांगून टाकलं, "मावशी व्हय? पोरं आनाया गेलीया."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, खरं काय ते विचारल्यासारखं. बाहेर पलीकडच्या आळीतून रेखाची हाक ऐकू येत होती.

मी म्हटलं, "हो मॅडम. पोरं आणायला गेल्यात."

"मग येऊ देत सावकाश," मॅडम म्हणाल्या, आणि खाली पोरांच्यात बसल्या.